डॉक्टर आनंदीबाई जोशी व त्यांची अमेरिकेतील मावशी

घोडनदीच्या काठच्या इनामगावाहून आणि आसपासच्या न्हावरे, मांडवगण वगैरे गावांहून जी मुले शिकावयास बाहेर पडतात, त्यांना दत्तक हा शब्द नवा नाही. इनामगाव हे नावच इनामाचे. जेथे इनाम, वतन, पाटीलकी, तेथे वारसाची चिंता ही आलीच; आणि जेथे वारस नाही, तेथे भाऊबंदांतला एखादा मुलगा मांडीवर घेऊन वंश व जमीन या दोहोंची सोय लावावयाची, ही आपली जुनी चाल होय. जुन्या मुंबई इलाख्यात अशा दत्तकास सरकार मान्यता देते की नाही, यावर घराणीच्या घराणी टांगलेली असत. साताऱ्याच्या महाराजांनी मृत्युशय्येवर घेतलेला दत्तक कंपनी सरकारने मानला नाही आणि १८४८ साली ते राज्य खालसा केले, हे आमच्या वाचकांनी इतिहासात वाचलेच असेल. या साऱ्या व्यवहारात मुलगी कोठेच नसे. मुलीला दत्तक घेण्याची मोकळीक आपल्या कायद्यात हिंदूंना १९५६ साली मिळाली.

परंतु त्याच्याही पाऊणशे वर्षे आधी सातासमुद्रापलीकडच्या एका कुटुंबाने आपल्या महाराष्ट्रातील एका मुलीस आपलीशी करून घेतले, तिची तीन वर्षे वाट पाहिली, आणि पुढे जे झाले ते कोणत्याही दत्तकपत्रात लिहून ठेवता येण्यासारखे नव्हते. ती मुलगी म्हणजे डॉक्टर आनंदीबाई जोशी. त्यांचे चरित्र पहिल्या हिंदू स्त्री डॉक्टर म्हणून पुष्कळांनी सांगितले आहे. आम्हांस ते आज थोडे निराळ्या बाजूने सांगावयाचे आहे.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजी पुण्यास झाला. माहेरचे घराणे कल्याणचे, जोशी आडनावाचेच. माहेरचे नाव यमुना. घराण्याला पूर्वी बरे दिवस होते, ते ओसरले होते. नवव्या वर्षी, १८७४ साली, गोपाळ विनायक जोशी या विधुर गृहस्थाशी त्यांचे लग्न झाले. गोपाळराव वयाने बरेच मोठे, पोस्टखात्यात कारकून, बुद्धीने तीक्ष्ण, स्वभावाने विक्षिप्त आणि हट्टी. बायकोस शिकवावयाचे हा त्यांचा एकच ध्यास. त्या काळी बायको वाचते म्हणून तिला मारणारे नवरे घरोघर होते. गोपाळराव, बायको अभ्यास सोडून स्वयंपाकघरात शिरली म्हणून मारणारे निघाले. हे आम्ही विनोदाने लिहीत नाही. पुढे अमेरिकेतून नवऱ्यास लिहिलेल्या पत्रात आनंदीबाईंनी या माराची आठवण स्पष्ट शब्दांत करून दिली आहे. त्यांच्या शिक्षणाचे श्रेय गोपाळरावांस द्यावे तितके थोडे. पण त्या श्रेयाबरोबर हेही वाचकांनी ध्यानात ठेवावे असे आम्हांस वाटते.

चौदाव्या वर्षी आनंदीबाईंस मुलगा झाला. तो दहा दिवसांत गेला. त्या काळी बाळंतिणीस व तान्ह्या मुलास पाहावयास डॉक्टर म्हणजे पुरुषच. आणि पुरुषास नाडी दाखविण्यापेक्षा मरण पत्करावे, अशी आपल्या घरंदाज बायकांची रीत. वैद्यकी शिकावयाची, असे या मुलीच्या मनाने कधी घेतले याची तारीख सांगता येणार नाही. पण या दहा दिवसांचा त्यात वाटा होता, हे तिने स्वतःच पुढे सांगितले आहे.

गोपाळरावांच्या बदल्या वारंवार होत. अलिबागेहून ते कोल्हापुरास आले. तेथे अमेरिकन मिशनची मंडळी होती. बायकोला अमेरिकेस नेऊन शिकवावे, आपल्याला तिकडे काही नोकरी मिळावी, या हेतूने गोपाळरावांनी १८७८ साली मिशनऱ्यांमार्फत एक पत्र अमेरिकेस धाडले. ते रेव्हरंड वाइल्डर यांच्या हाती पडले. वाइल्डरसाहेबांनी कोल्हापुरास पूर्वी पुष्कळ वर्षे काढलेली होती व आता ते प्रिन्स्टन येथून ‘मिशनरी रिव्ह्यू’ नावाचे मासिक चालवीत. त्यांनी उत्तर दिले ते असे, की अमेरिकेस येण्याची घाई नको. आधी ख्रिस्ताचा स्वीकार करा, मग पाहू. गोपाळरावांस हे मान्य नव्हते. वाइल्डरसाहेबांनी तो सारा पत्रव्यवहार मासिकात छापून टाकला आणि प्रकरण तेथेच मिटले, असे सर्वांस वाटले.

आमचे हे वार्षिक एका मिशनच्या शाळेचे आहे, म्हणून येथे थोडे थांबून बोलणे आम्हांस प्राप्त आहे. वाइल्डरसाहेबांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. त्यांना जे श्रेष्ठ वाटत होते तेच ते देऊ पाहत होते. तथापि शिकू इच्छिणाऱ्या मुलीपुढे धर्माची अट ठेवणे हे योग्य झाले, असे आम्हांस म्हणवत नाही. आणि मौज अशी, की ज्या छापील पानांनी एक दार बंद केले, त्याच पानांनी दुसरे उघडले.

न्यू जर्सी संस्थानात रोझेल नावाचे गाव आहे. तेथील थिओडोशिया कार्पेंटर या बाई १८८० साली एके दिवशी दाताच्या डॉक्टराकडे गेल्या होत्या. आपली पाळी येईपर्यंत वेळ घालवावा म्हणून त्यांनी तेथे पडलेले एक जुने मासिक उचलले. ते ‘मिशनरी रिव्ह्यू’ होते. त्यातील गोपाळरावांचे पत्र व त्याचे उत्तर त्यांनी वाचले. बाई श्रीमंत नव्हत्या. नवरा, मुलेबाळे, घरकाम यांत त्यांचे दिवस जात होते. हिंदुस्थान त्यांनी नकाशाखेरीज कोठे पाहिला नव्हता. पण शिकण्यासाठी धडपडणाऱ्या त्या अनोळखी मुलीची गोष्ट त्यांच्या मनातून जाईना. त्यांनी पत्र लिहिले, आणि अमेरिकेस आल्यास आपल्या घरी राहावयास यावे, असे कळविले.

त्या वेळी गोपाळरावांची बदली कच्छ-भूज येथे झालेली होती. पत्र तेथे पोहोचले. आनंदीबाईंस उत्तर लिहिण्यापुरते इंग्रजी येऊ लागले होते. मुंबईस असता काही काळ त्या मिशनच्या शाळेतही गेल्या होत्या. पुस्तके घेऊन रस्त्याने चालणाऱ्या या ब्राह्मणाच्या बायकोस लोक वाटेल ते बोलत, ते सोसून त्यांनी हे इंग्रजी मिळविलेले होते. त्यांनी उत्तर लिहिले. त्याचे उत्तर आले. येथून तीन वर्षे ही पत्रे चालू राहिली.

आजच्या आमच्या विद्यार्थ्यांस या तीन वर्षांची कल्पना येणे कठीण आहे. पत्र आगबोटीने जावयाचे, उत्तर आगबोटीने यावयाचे. एका प्रश्नाचे उत्तर हाती पडेपर्यंत ऋतू पालटावयाचा. तरीही दोघींनी एकमेकींस काय लिहिले नाही? आपल्या सणावारांविषयी, बालविवाहाविषयी, विधवांच्या स्थितीविषयी, दोन्ही देशांतल्या खाण्यापिण्याविषयी त्या लिहीत. लिफाफ्यातून सुकलेली फुले जात, चित्रे जात, केसांच्या बटा जात. आनंदीबाईंचे डोके वारंवार दुखे, प्रकृती नाजूक. तेव्हा कार्पेंटरबाईंनी तिकडून औषधेही पाठविली. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. आपल्याकडे परक्या बाईस मावशी म्हणण्याचा प्रघात आहेच, पण येथे तो केवळ प्रघात राहिला नाही. रोझेलच्या त्या घरातील मुलांनाही आपली एक बहीण हिंदुस्थानात आहे व ती केव्हातरी येणार आहे, असे वाटू लागले. भरल्या घराने आणखी एका मुलीसाठी जागा करून ठेवली.

आज परदेशी कुटुंबास आपल्या देशातील मूल घ्यावयाचे असल्यास कायद्याच्या पुष्कळ पायऱ्या चढाव्या लागतात. मुलांची खरेदी-विक्री होऊ नये म्हणून हेग येथे १९९३ साली राष्ट्रांचा करार झाला, हिंदुस्थानने तो २००३ साली मान्य केला, आणि दिल्लीच्या सरकारी दत्तक प्राधिकरणाच्या संमतीवाचून मूल देशाबाहेर जाऊ शकत नाही. हे योग्यच आहे. वाट पाहणारी कुटुंबे कागदांचे गठ्ठे व मुलाचे एखादे छायाचित्र एवढ्यावर वर्षेच्या वर्षे काढतात. कार्पेंटर कुटुंबाजवळ तर कागदही नव्हता आणि कायदाही नव्हता. आनंदीबाई लहान मूल नव्हत्या, त्यांचे आईबाप होते, नवरा होता. कायद्याच्या अर्थाने त्यांना कोणी दत्तक घेतलेच नाही. तरी वाट पाहणे तेच होते.

दरम्यान गोपाळराव कलकत्त्याकडे बदलून गेले होते व शेवटी श्रीरामपुरास आले. नोकरी सोडून दोघांनी अमेरिकेस जाण्याइतका पैसा नव्हता. तेव्हा गोपाळरावांनी ठरविले, की बायकोने एकटीने जावे. अठरा वर्षांची ब्राह्मणाची बायको, एकटी, समुद्रापलीकडे! बंगालातील मराठी मंडळींत काय खळबळ उडाली असेल, ती वाचकांनीच कल्पावी. लोक घरावरून जाताना नावे ठेवीत. शेवटी २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूरच्या कॉलेजच्या दिवाणखान्यात आनंदीबाई सभेपुढे उभ्या राहिल्या व इंग्रजीत भाषण करून त्यांनी एकेका आक्षेपाचे उत्तर दिले. हिंदुस्थानात स्त्री डॉक्टरांची किती गरज आहे, ते शिक्षण येथे हवे तसे का मिळत नाही, एकटी का जाते, परत आल्यावर जात वाळीत टाकील त्याचे काय, हे सर्व प्रश्न त्यांनी स्वतःच काढले आणि सोडविले. आपण हिंदू म्हणून जाऊ व हिंदू म्हणूनच परत येऊ, असेही त्यांनी तेथे सांगितले. ज्या कॉलेजात त्या बोलत होत्या, ते कॅरी, मार्शमन व वॉर्ड या मिशनऱ्यांनी काढलेले. सभेने ते भाषण शांतपणे ऐकून घेतले, ही गोष्ट श्रीरामपूरकरांच्या मोठेपणाची होय.

अंगावरचे दागिने विकून प्रवासाच्या पैशाची जुळवाजुळव झाली. ७ एप्रिल १८८३ रोजी आगबोट कलकत्त्याहून निघाली. सोबतीला मिशनच्या काही बायका होत्या. त्यांचा सहवास आनंदीबाईंस फारसा सुखाचा झाला नाही. बोटीवरचे अन्न चालत नव्हते. जवळजवळ दोन महिन्यांनी, ४ जून रोजी, त्या न्यूयॉर्कास उतरल्या.

धक्क्यावर मावशी उभी होती. तीन वर्षे जिचे अक्षर ओळखीचे होते, तिचा चेहरा दोघींनी प्रथमच पाहिला.

तो उन्हाळा आनंदीबाईंनी रोझेलच्या घरी काढला. त्यांच्या लहानशा आयुष्यातले इतके निश्चिंत दिवस दुसरे नसावेत. लुगडे, कुंकू, हातातील बांगड्या पाहून शेजारपाजारच्या बायका कौतुक करीत. त्या शाकाहारी, कार्पेंटरबाईंनी त्यांच्या जेवणाचा नेम मोडू दिला नाही. एकदा आनंदीबाईंनी मावशीच्या मैत्रिणींस आपल्या हातचे देशी जेवणही घातले. त्या घरची मंडळी ख्रिस्ती होती. आमची ही मुलगी आपल्या धर्माची व्हावी, अशी इच्छा त्यांच्या मनात डोकावली असती तर त्यात नवल नव्हते. पण त्या इच्छेवर घराचे दार अवलंबून नव्हते. नाव बदलावयास नको, वेष बदलावयास नको, देव बदलावयास नको. असे घर वाइल्डरसाहेबांच्या पत्रानंतर कोणी शोधावयास निघाले असते तर ते सापडले नसते. ते दातांच्या दुखण्याने सापडले.

शरद ऋतूत फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजात आनंदीबाईंनी नाव घातले. हे कॉलेज १८५० साली निघालेले. स्त्रियांस वैद्यकी शिकविणारे जगातील अगदी पहिल्या संस्थांपैकी एक. त्याच्या मुख्य डॉक्टर रेचेल बॉडली यांनी या मुलीस पोटाशी धरले. तीन वर्षांसाठी सहाशे डॉलरांची शिष्यवृत्ती मिळाली. मावशी स्वतः पोहोचवावयास आल्या होत्या. ताटातुटीचे दुःख दोघींसही झाले. पत्रे पुन्हा सुरू झाली, मात्र आता ती दोनतीन दिवसांत पोहोचत.

अभ्यास जबर होता. थंडी त्याहून जबर. राहण्याची खोली नीट गरम होत नसे, धूर कोंडे. लुगडे सोडावयाचे नाही असा निर्धार. पाय उघडे राहू नयेत म्हणून त्यांनी ते गुजराती पद्धतीने नेसण्यास आरंभ केला. अन्न बेताचे, त्यात निवड फार. खोकला आला तो पुन्हा पुरता गेला नाही. क्षयाची ही सुरुवात होती. पण मुलीने पुस्तक खाली ठेवले नाही. ऑक्टोबर १८८५ मधील एक छायाचित्र प्रसिद्ध आहे: तीत आपल्या आनंदीबाई लुगड्यात, जपानच्या केई ओकामी किमोनोत आणि सिरियाच्या सबात इस्लांबुली आपल्या देशी पोशाखात बसल्या आहेत. तिघी एकाच कॉलेजच्या विद्यार्थिनी. आमच्या विद्यार्थिनींनी ते चित्र जरूर मिळवून पाहावे. तिघींच्या डोळ्यांत घरची आठवण आहे की अभ्यासाची काळजी, ते आम्हांस अजून उमगलेले नाही.

त्याच वर्षी गोपाळरावही अमेरिकेस येऊन पोहोचले. बायकोने चालविलेल्या शिक्षणाचा त्यांना अभिमान होता, आणि तिला मिळणाऱ्या मानाचे थोडे वैषम्यही असावे. तिकडे त्यांनी अमेरिकन रीतीभातींवर व मिशनऱ्यांवर झोड उठविणारी व्याख्याने दिली. ज्यांच्या घरचे मीठ बायको खात होती, त्यांची यामुळे किती कुचंबणा झाली असेल! (हेच गोपाळराव पुढे १८९० साली पुण्यास पंचहौद मिशनमध्ये नामांकित मंडळींस चहा पाजून त्यांची नावे वर्तमानपत्रात छापविणारे. त्या चहाने पुण्यात किती वर्षे धुरळा उडाला, ते येथे सांगत बसत नाही.)

११ मार्च १८८६ रोजी पदवीदान समारंभ झाला. आर्य हिंदूंच्या प्रसूतिविद्येवर आनंदीबाईंनी प्रबंध लिहिला होता. हा समारंभ पाहण्यासाठी मुद्दाम इंग्लंडाहून एक मराठी बाई आपल्या पाच वर्षांच्याही न झालेल्या मुलीस घेऊन आल्या होत्या. त्या पंडिता रमाबाई, आनंदीबाईंच्या दूरच्या नात्यातल्या. इनामगावाहून भीमा ओलांडून दौंडाच्या वाटेस लागले की केडगाव लागते. तेथील मुक्तिसदन आमच्या बहुतेक वाचकांनी पाहिलेले आहे. १८९६-९७ व १९०० च्या दुष्काळांत मध्यप्रांत, गुजरात इकडून शेकडो निराधार मुली आणून रमाबाईंनी तेथे जे कुटुंब उभे केले, त्याची माणसे दोन हजारांच्या घरात गेली होती. रमाबाई १९२२ साली तेथेच वारल्या. त्यांनी ख्रिस्ती धर्म घेतलेला होता, आनंदीबाईंनी घेतला नव्हता. तरी त्या दिवशी फिलाडेल्फियात एकीच्या यशाने दुसरीचे डोळे भरून आले असतील, यात आम्हांस संशय नाही. रमाबाईंनी मुंबईस शारदासदन उघडले तो दिवस ११ मार्च १८८९ हा होता, पदवीदानाच्या बरोबर तीन वर्षांनंतरचा.

व्हिक्टोरिया राणीपर्यंत पदवीची वार्ता डॉक्टर बॉडलींनी कळविली. कोल्हापूर दरबाराने आनंदीबाईंस आल्बर्ट एडवर्ड इस्पितळातील स्त्रियांच्या विभागावर नेमले. ज्या कोल्हापुरातून गोपाळरावांचे पहिले पत्र निघाले होते, तेथेच डॉक्टर होऊन परतावयाचे! पण बोस्टनच्या इस्पितळात थोडे दिवस काम करताच शरीराने हात टेकले. ऑक्टोबरात त्या मावशीचा निरोप घेऊन निघाल्या. पुन्हा भेट होईल असे दोघींनी एकमेकींस सांगितले असेल. त्यांतली एक तर डॉक्टर होती, तिला आपल्या खोकल्याचा अर्थ कळत होताच.

नोव्हेंबरात मुंबईस उतरल्यावर लोकांनी मोठे स्वागत केले. चार वर्षांपूर्वी शिव्या देणारे हात आता हार घेऊन उभे होते. जात वाळीत टाकील ही भीती खरी झाली नाही. मात्र दुखण्याला या सगळ्याचे काय? पुण्यास आणून वैद्यांची औषधे झाली. आई उशाशी बसून होती. कोल्हापूरचे इस्पितळ त्यांची वाट पाहत राहिले. एकही रोगी त्यांना तेथे तपासता आला नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी रात्री आनंदीबाई वारल्या. बावीस वर्षे पुरी होण्यास एक महिना उरला होता.

पुण्यास दहन झाले. अस्थी व रक्षा यांचे काय करावयाचे, हा प्रश्न आपल्या घरात पडत नसतो. नदी जवळ असते. गोपाळरावांच्या स्वभावाविषयी आम्ही वर बरेच कडू लिहिले आहे. म्हणून त्यांनी या वेळी जे केले तेही लिहितो. त्यांनी बायकोच्या रक्षेचा काही भाग एका लहानशा पेटीत घालून अमेरिकेस कार्पेंटरबाईंकडे पाठविला.

तीच आगबोटीची वाट, तेवढेच दिवस. रोझेलच्या घरी त्यापूर्वी मृत्यूची वार्ता पोहोचली होती. आता पेटी आली. न्यूयॉर्क संस्थानात पोकिप्सी गावी कार्पेंटरबाईंच्या माहेरच्या कुटुंबाची दफनभूमी आहे. घरच्या माणसांच्या दगडांशेजारी त्यांनी एक जागा काढली, तीत रक्षा ठेविली, आणि वर दगड बसवून त्यावर आनंदीबाईंचे नाव, त्यांची पदवी व १८६५ आणि १८८७ ही दोन साले कोरविली. तो दगड अद्याप तेथे आहे.